वर चढलेलं रगत

माझं म्हायेर न् सासर दोन्ही विट्याच्या अंगाला, माळाचा मुलूख, ऊस बघायचा तर दुसऱ्याच्या रानात, आमच्याकडं बाजरी न् हुलगं. चौथीतनं शाळा सुटली, सुटली म्हंजे आईनं सोडवली, धाकट्या भावाला कोण संभाळणार म्हणून, त्यामुळं वाचाय येतंय पर जोडाक्षर आलं की आजून अडखळती. लगीन झालं तवा मालक गलाईच्या दुकानावर व्हतं, सोनं-चांदी गाळायचा धंदा, तिकडं मद्रासच्या फुडं, आमच्याकडली निम्मी माणसं त्याच धंद्यात. वर्सातनं एकदा यायचं, जत्रंला, आन् पोरींच्या हातावर खाऊ ठिवून परत जायचं.

मग बाहात्तरचा दुष्काळ पडला. तवर पोरी उजवल्या व्हत्या, सासू-सासरं गेल्यालं, घरात मी एकटी. रस्त्याच्या कामावर खडी फोडली, आन् मग गावच्या एका माणसानं मला हितं पाचगणीला आणून शाळंच्या सैपाकघरात चिकटवलं, त्याचं भलं हुवो. तुमी म्हणाल पाचगणी काय लांब हाय व्हय, पर बाई, आमास्नी परमुलूखच की. हितली थंडी, हितलं धुकं, पोरं इंग्रजी बोलणारी, पयल्या साली मी पिठात डोळं गाळायची. आन् माझा सवभाव मुळातला भित्रा, दुधाला जरा वास आला तरी काळीज लकलक करायचं, वाटायचं आता काडत्यात मला.

आता तुमी माझ्या दाताचं इचारताय ते सांगती. तुमी बाईमाणूस, मास्तरीणबाई असला तरी बाईच, म्हणून सांगती. वय झालं तसा माझा इटाळ मागंफुडं व्हाय लागला, मग बंदच झाला. आन् अंगातनं अशा वाफा निगायच्या की भायेर धुकं पडल्यालं आन् मी आपली पदरानं वारा घेतीया. मला वाटायचं चुलीची धग हाय. सुट्टीत चूल बंद, तरी वाफा! मग तोंड कोरडं पडाय लागलं, जीभ अशी चरचरायची जणू कुणी मिरची घासलीया, आन् दात घासलं की हिरडीतनं रगत.

मी मिसरी लावायची. तुमाला ठावं आसंल, तंबाखू तव्यावर काळी हुईस्तवर भाजायची, चुरायची, आन् बोटानं दातावर, हिरडीवर घासत बसायचं. आमच्यात सगळ्या बाया लावत्यात. सकाळी ती लावल्याबिगर डोळा उघडत न्हाई, पोट साफ हुईत न्हाई, आन् चार बाया जमल्या की डबी फुडं सरकवायची, पावण्याला च्या दिल्यावानी. हिरडी दुखाय लागली तशी मी जास्तीच लावाय लागले, कारण जरा बधिर पडायचं, बरं वाटायचं.

सैपाकघरात माझ्यासंगं हौसाबाई व्हती, उंब्रजची, माझ्यापरास थोरली, लय वाघीण बाई. तिला मी रगताचं सांगितलं तर म्हणली, आगं येडे, त्यात भ्यायचं काय, खालचं बंद झालं की ते रगत वर चढतंय आन् तोंडावाटं जातंय, वाईट रगत हाय ते, जाऊ दे, आडवलंस तर टकुऱ्यात चढंल आन् येड लागंल, आमच्या गावात एकीला लागलंया. आता मी आधीच भित्री, त्यात हे. मग काय, मी रगत थांबू नये म्हणून रोज मिसरीनं घासघासून काडायची. हसू नका बाई. खरंच काडायची. ज्या दिवशी कमी यायचं त्या दिवशी मला टकुरं जड वाटायचं.

आन् दात हलाय लागलं. माझ्या आईचं याच वयात सगळं दात गेलं व्हतं, भाकरी दुधात कुस्करून गिळायची, आन् गावात म्हणायचंच, इटाळ गेला की दात गेलं. मला तेच दिसाय लागलं. सैपाकीण मी, ढीगभर भाकऱ्या थापायच्या आन् आपल्याला एक चावंना, आमटीत भिजवून खायची, ती बी कडंला बसून.

तर एक दिवस नळावर थुकले आन् मागं शाळंच्या दवाखान्यातल्या शिस्टरबाई. लाल थुकी बघून त्यांचं तोंडच उतरलं. पाचगणीत तोंडातनं रगत म्हंजे दुसरं काय, टीबीच! हितं त्यासाठीच तर माणसं हवा खायाला येत व्हती. आन् मी पोरांचं जेवान करणारी. म्हणलं झालं, सुटली नोकरी. पर त्या शिस्टरबाई गुणाच्या, मला वसकल्या न्हाईत, दवाखान्यात नेलं, छाती तपासून घेतली, तोंड उघडाय लावलं आन् म्हणल्या, छाती चांगलीय हो तुमची, हे हिरड्यांचं आहे, साताऱ्याला दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत, उद्याच जा.

गेले. बाकड्यावर बसले, कंपौंडर पाळीपाळीनं आत सोडत व्हता. माझी आली तशी आत गेले. डॉक्टरीणबाईंनी दांडीचा आरसा तोंडात घालून बघितलं, आन् हात धूत धूत इचारलं, पाळी गेली का तुमची? म्हणलं, न्हाई बाई, गेली न्हाई, मी जाग्यावरनं हललेच न्हाई, माझ्या म्होरचा म्हातारा आत्ता भायेर गेला, मगच मी आत आले. त्या बघाय लागल्या माझ्याकडं. मी वर शपथ घेऊन सांगती, पायजेल तर कंपौंडरला इचारा, मी मदी घुसले न्हाई. तवा त्या हसत सुटल्या, म्हणल्या, अहो ती पाळी नाही, महिन्याची! काय सांगू तुमाला, भुई फाटावी असं झालं. आमच्यात इटाळ म्हणत्यात, न्हाईतर कावळा शिवला म्हणत्यात, पाळी म्हंजे आपली नंबराची पाळी. आन् दाताच्या डॉक्टरनं हे कशाला इचारावं?

पर त्यांनी नीट सांगितलं. म्हणल्या, पाळी जाते त्या वयात बाईच्या अंगातला एक रस कमी पडतो, त्यानं तोंड कोरडं पडतं, आग होते, हिरड्या नाजूक होतात, आणि त्यावर तुम्ही तंबाखू घासताय. म्हंजे वल न्हाई त्या रानात नांगर घातल्यावानी, म्हणलं मी. व्हय म्हणल्या, तसंच. मग मी धीर करून हौसाबाईचं सांगितलं, बाई, हे आडवलं तर टकुऱ्यात चढंल का? ह्या येळंला त्या हसल्या न्हाईत. म्हणल्या, ते रक्त वेगळं, त्याची वाट वेगळी, ते वर चढत नाही. हे जखमेचं रक्त आहे. बोट कापलं तर तुम्ही वाहू देता का? त्या बोटाच्या गोष्टीनं माझं डोळं उघडलं बघा. भाजी चिरताना बोट कापलं की मी लगीच हळद दाबायची, आन् तोंडातलं मातर वाहू देत व्हते.

दोन दात काडाय लागलं, ते नुसतं कातड्याला लोंबत व्हतं. बाकीच्यावरचं कीट खरवडून काडलं, मऊ बुरुस दिला, मिठाच्या पाण्यानं चुळा भराय सांगितलं, आन् म्हणल्या, राहिलेल्यांची मी हमी देत नाही, मिसरी सुटली तर राहतील.

मिसरी सुटणं म्हंजे काय, ते लावणारीलाच ठावं. टकुरं ठणकायचं, पोट फुगायचं, कुणावर बी खेकसायची मी. हौसाबाई मुद्दाम माझ्याम्होरं डबी उघडायची, म्हणायची, या डॉक्टरीणबाई, आमच्या दाताला बी आरसा लावा. मी कच्ची बडीशेप तोंडात टाकायची आन् कणीक मळायची, अशी मळायची की सगळा राग त्या कणकंत. हळूहळू रगत थांबलं. टकुऱ्यात काय चढलं न्हाई, येड लागलं न्हाई, हौसाबाई बघतच ऱ्हायली. वाफा आजून येत्यात कवामवा, त्यावर औशद नगं म्हणल्या डॉक्टरीणबाई, जातील आपसूक. जाऊ द्यात सवडीनं.

सातारला मी परत परत गेले. दर खेपंला त्या डॉक्टरीणबाई दात हलवून बघायच्या आन् माझा जीव मुठीत. गेल्या खेपंला म्हणल्या, घट्ट आहेत. येवढंच. मी त्यांच्या पाया पडले तर मागं सरल्या, आवं पर पडू नको तर काय करू, त्या बाईच्या घरादाराचं कल्याण हुवो.

अवंदा जत्रंला घरी गेले, मालक बी आलं व्हतं. जेवताना मी भाकरीचा कडक पापुद्रा मोडून कुडूमकुडूम खाती तर ते बघतच बसलं, म्हणलं, कवळी बसवलीस व्हय गं? मी म्हणलं, माझंच हायती. मग त्यांनी वाकून ती दोन दाताची खिंड बघितली आन् म्हणलं, तिथं सोन्याचं बसवू या, आपल्या हातनं गाळून आणतो, गावात दुसरीला नसतील आसलं. लय मायेनं म्हणलं बघा, एवढी वर्सं झाली पर कवा आसं बोललं नव्हतं. मी म्हणलं, सोनं तुमी लोकांचं गाळा. खिंड आसू द्या तशीच, बाकीच्यांवर माझं चांगलं चाललंय. वाढू का आजून एक भाकरी?