पोत्यातला युरिया

मी धर्मापुरीचा. आईबाप दरसाली ऊसतोडीला जायाचे, मला संबाळलं अक्कानं, थोरल्या भयनीनं. लगीन झाल्यावर ती बी तोडीलाच गेली, पर दाजी ट्रकवर डायवर झाले अन् तिची तोड सुटली. काय सांगू तुमाला, आमच्या घरात हे लई मोटं व्हतं. दाजीनंच मला परळीला गॅरेजात लावलं.

आमचा उस्ताद नुसत्या आवाजावरनं इंजनाचा बिघाड सांगायचा, अन् मी चुकलो की पाना माज्या टाळक्यात. मंग कंप्यूटरवाल्या गाड्या आल्या, दोन पिना वायरीनं जोडायच्या अन् डॅशबोर्डावरचा दिवा किती बारी लुकलुकतो त्यावरनं बिघाड वळखायचा. मंग माजं सोताचं गॅरेज झालं, स्कॅनर आला, तो गॅरेजांच्या लाईनीत पैला मी घेतला. काय बिघडलं, दिवा कवा लागला, दिवा लागल्यावर गाडी किती पळाली, समदं सांगतो. मानूस खोटं बोलंल, गाडी न्हाई, असं मी ऐटीत म्हनायचो गिऱ्हाइकाला.

आता नव्या ट्रकाला धूर साफ करायला युरियाचं पानी लागतं, त्याची टाकी येगळी. दाजी ज्याची थर्मलची राख वाहनारी गाडी चालवायचे तो मालक, गावचा पुढारी, एक दिस माज्या गॅरेजात खुर्चीवर बसून म्हनला, शेतात टाकतो तोच युरिया हाय की, पोत्यातलाच पान्यात कालव. दाजी म्हनले मालक, गाडी खराब व्हईल. तर म्हनला तू शाना का मी बे. कालवला मंग. बादली माजीच व्हती. मी हसलो बी.

आठ दिसानं दिवा लागला. दाजीनं फोन केला, मालक म्हनला चालव. चालवली, अन् चढाला गाडीचा जोरच गेला, वढून आनली माज्याकडं. चार मानसांत मालक म्हनला लाव तुजं मशीन. मी वाचलं, युरिया खराब, दिवा लागल्यावर बी गाडी लई लांब चालवली. दाजी म्हनले तुमीच कालवायला लावलं, तुमीच चालव म्हनलात, ह्या मेवन्याला इचारा, हा हितंच व्हता. मालक माज्याकडं बघून हसला, म्हनला काय बे, तुज्या मशीनमधी माजं नाव हाय का?

त्याच्या समद्या गाड्या माज्याकडं येत्यात. मी मशीनमधीच बघत न्हाई म्हनलो. दाजीनं चावी बॉनेटावर ठिवली अन् गेले.

परळीत त्यांला कुनी गाडी दिली न्हाई मंग, युरियावाला डायवर म्हनून हसायचे. मालकाच्या गाड्या आजबी माज्याकडंच हायत, धंदा झ्याक चाललाय, खोटं कावून बोलू.

परवा अक्का आली, दोन कोयते घिऊन, एक तिचा, एक दाजीचा. म्हनली टोळी निघालीय, तुज्या ग्राइंडरवर धार लावून दे. लावली. चा घे म्हनलो, तर न्हाई म्हनली, टॅक्टर उबा हाय. बोटानं धार बघितली, माज्या डोक्यावरनं हात फिरवला, सुकी ऱ्हा बाबा म्हनली, अन् गेली.