‘काही नाही’ म्हणणारा भालचंद्र

मंडळी, ऐका! एक सवाल टाकतो. राजाने तोंड बांधलं, माणूस गप्प बसला, तर समजू शकतं. पण दाराला कडी घातली, समोर फक्त आपली बायको, तिथे कोण बांधतं हो तोंड? सांगा ना! आता का माना खाली?

आज पुराण नाही. आज एका कादंबरीतली गोष्ट, अजून न उगवलेल्या काळाची. काय म्हणालात, बुवा कादंबऱ्या वाचतात? वाचतात! देवाने डोळे काय पोथीपुरतेच दिलेत?

तर त्या नगरात नळाला पाणी यायचं पिवळंधमक! आणि हुकूम काय? पाणी स्वच्छ आहे म्हणायचं! रोज दिवेलागणीला भोंगा वाजायचा. नवरा-बायकोने उंबऱ्यावर उभं राहायचं. शिपाई विचारायचा, “काय झालं?” दोघांनी हसून म्हणायचं, “काही नाही, सगळं छान!”

त्या नगरात राहायची कुमुदिनी. नवरा भालचंद्र, आणि एकुलती एक लेक वेणू. कॉलेजात जाणारी, तोंडाने फटकळ. तिने भर चौकात पेला उंच धरला, “डोळे फुटलेत का सगळ्यांचे? पाणी पिवळं आहे!” झालं! उचललं पोरीला. दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं — वेणू नावाची मुलगी नव्हतीच!

भालचंद्राने उंबऱ्यावर मान डोलावली. एक वेळ तेही सोडा, जिवाची भीती कोणाला नसते? पण हा गृहस्थ घरात येऊन काय करतो? लेकीचं अंथरूण गुंडाळून माळ्यावर टाकतो!

कुमुद म्हणाली, “अहो, आज वाढदिवस तिचा.”

“कोणाचा?” डोळे ताटात!

“एकदा नाव घ्या हो तिचं. माझ्यापुरतं. एकटीने नाही सोसवत मला.”

“भाजीत मीठ कमी पडलंय,” म्हणाला. मीठ! अरे, बायको आतून जळतेय आणि तुला मीठ सुचतं? कुमुदला रडायचं होतं, मंडळी. पण रडायलासुद्धा समोर माणूस लागतं. दोघं एका घरात राहायची, धर्मशाळेतल्या उतारूंसारखी.

मग दवंडी पिटली. राजाच्या वाढदिवसाला कैदी सुटणार! आई-बाप दोघांनी तुरुंगाच्या फाटकाशी यायचं आणि नाव घेऊन सांगायचं, ही आमची. त्या दिवशी बोलणाऱ्याला शिक्षा नाही. मात्र दोघांनी बोलायचं, आणि पहिलं उत्तर तेच खरं धरणार.

कुमुदने बेसनाचे लाडू वळले, वेणूच्या आवडीचे. मग नवऱ्याला म्हणाली, “अहो, आधी घरी एकदा म्हणून बघा ना.”

“तिथे म्हणेन की! इथे कशाला?”

इथे कशाला! आमचे हे पेटीवाले गळा न तापवता एक ओळ गातात का, विचारा त्यांना!

फाटक आलं. गजांमागे वेणू, केस कापलेले, डोळे बापाकडे. आणि पुढे उभा तोच शिपाई, रोजचा! सवयीने विचारतो, “काय झालं?”

कुमुद ओरडली, “वेणू! ही आमची!”

शिपायाने भालचंद्राकडे पाहिलं. भालचंद्राने तोंड उघडलं. आणि हसला हो, हसला! म्हणाला, “काही नाही, सगळं छान!”

वेणूने ते ऐकलं. दार बंद झालं. मग हा फाटकावर डोकं आपटतोय, “वेणू! माझी वेणू!” आलं की रे नाव ओठांवर! पण आता कोणाला ऐकवतोस? त्या गजांना?

घरी आल्यावर ढसाढसा रडला. “कुमुद, बोल ना गं. शिव्या दे मला. काय झालं तुला?”

कुमुदने लाडवांचा डबा फळीवर ठेवला. भिंतीकडे बघितलं. म्हणाली, “काही नाही.”

राजा दुष्ट, कबूल! पण ती जीभ राजाने नाही घडवली, मंडळी. ती उंबऱ्याच्या आत घडली, रोज जेवताना! आणि तुमच्या घरी तर राजा नाही, शिपाई नाही, भोंगा नाही! तरी काल तिने विचारलं, “काय झालं हो?” तेव्हा टीव्हीवरची नजर न काढता तुम्ही काय म्हणालात? बोला! आणि बायांनो, हसू नका, तुम्हीही तेच म्हणता!

थांबा, टाळ खाली ठेवा. गजर होईल नंतर, देव कुठे पळून जात नाही. आज घरी गेल्यावर कोणी विचारलं, “काय झालं?” तर खरं काय ते सांगा. विचारणारं माणूस रोज विचारत नसतं!