खळ लावलेलं पान

बसा मंडळी. मागं उभे आहेत त्यांनी पुढं या, सतरंजीवर जागा आहे. तात्या, तुम्ही खुर्चीत बसा. तुमचे गुडघे मला ठाऊक आहेत.

मला बोलता येत नाही. पोलादपूरहून कोळसा भरायचा आणि लॉरी हाकायची, हा माझा धंदा. दिवसभर इंजिनाची घरघर, बोलायला समोर कोणी नाही. तरी उभा राहिलो, कारण मार्थाबाई गेल्या आणि त्यांच्याबद्दल कोणीतरी दोन शब्द बोलायला हवेत. आणि खरं सांगू? मी बोलत राहिलो की वाचायचं लांबतं. बोलून झालं की मला वाचायचं आहे, आणि वाचायची मला भीती वाटते.

इथं बाजारातले लोक आलेत. नदीकाठचे आलेत. सव गावाहून बायका आल्यात. तुम्ही बाईंसाठी आलात, कारण तुमच्या घरची पोरं बाईंच्या हातून जन्माला आली. तुम्हाला आमची रीत ठाऊक नसणार, म्हणून सांगतो. महाडात आमची ख्रिस्ती घरं मूठभर. पाळकसाहेब लांबून येतात, महिन्याकाठी एखादा रविवार. परवा मातीला आले आणि लगेच गेले. एरवी रविवारी आमचं आम्ही शास्त्र, म्हणजे बायबल, वाचतो. जिथं खूण असेल तिथून पुढं. आवडेल ते निवडून वाचायचं नाही. गोड आलं तर गोड, कडू आलं तर कडू. पान गाळायचं नाही. आणि वाचणारं माणूस गेलं, तर त्याच्या शोकसभेत दुसऱ्यानं त्याच्या खुणेपासून पुढं वाचायचं.

ही बघा बाईंची खूण. काळी दोरी. ती जिथं आहे तिथून पुढं काय येतं ते आमच्या मंडळीत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून सकाळपासून कोणी माझ्या नजरेला नजर देत नाही.

बाकीच्यांना सांगतो. अब्राहाम नावाचा एक म्हातारा होता. पोर नाही, पोर नाही म्हणता म्हणता उतारवयात एक मुलगा झाला, इसहाक. आणि देव त्याला म्हणतो, तो मुलगा घे, मी दाखवीन त्या डोंगरावर ने आणि मला अर्पण कर. अर्पण म्हणजे काय ते कळलं ना? कापायचा आणि जाळायचा. आणि हा माणूस सकाळी उठतो, लाकडं फोडतो आणि निघतो. वाटेत पोरगा विचारतो, बाबा, विस्तव घेतला, लाकडं घेतली, मग कोकरू कुठं आहे? बाप म्हणतो, देव बघून घेईल बाळा.

शेवटी पोराला काही होत नाही. देव बापाचा हात थांबवतो. हे आधीच सांगून टाकतो, तुमचा जीव टांगणीला नको.

माझा आहे. माझा दानी घरी तापानं फणफणलाय. विषमज्वर. डॉक्टर काल म्हणाले, उद्याची संध्याकाळ पार पडू दे, मग बोलू. ती संध्याकाळ आजची. दानीची आई त्याच्या उशाशी बसली आहे. मघाशी बायकांनी विचारलं, ती का नाही आली? तर ती तिथं आहे. आणि मी इथं उभा राहून त्या दाराकडं बघतोय. आत्ता मांजर आत आलं, मला वाटलं निरोप आला.

अशा बापानं ते पान वाचायचं.

बाईंनाही एकच मुलगा होता. शांतवन. जुन्या लोकांनी पाहिलाय त्याला. तापातच गेला तोही. गावभरच्या पोरांना जगात आणणारी बाई, आणि तिचं स्वतःचं पोर... जाऊ दे. त्यानंतर काही दिवसांनी आमचं वाचन त्या पानाशी आलं. तो रविवार मला आठवतो. बाई वाचत होत्या. पान उलटलं, आणि एकदम भलतंच सुरू झालं. अब्राहामाची बायको मेली, तिला पुरायला त्यानं जमीन विकत घेतली, ते. मधलं सगळं गायब. आम्ही एकमेकांकडं बघायला लागलो. मागून कळलं. बाईंनी घरी तांदळाची खळ शिजवली होती आणि ती समोरासमोरची दोन पानं एकमेकांना चिकटवून टाकली होती. लुगड्याला देतात तशी पातळ नव्हे. चांगली दाट.

पान गाळायचं नाही म्हणून मिरवणारी आमची मंडळी, सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. पुढं पुस्तक फिरून पुन्हा तिथं आलं, तेव्हाही तसंच. त्या वेळी तर पाळकसाहेब समोर बसले होते. त्यांनी ऐकलं, चष्मा काढून पुसला, परत घातला. चांगला माणूस आहे.

मग एका थंडीत बाई मला म्हणाल्या, "यशवंत, उद्या तुझी गाडी सवच्या बाजूला जाते का?" म्हटलं, जात नाही, पण नेतो. मला वाटलं, हाडं दुखत असतील, कढत पाण्यात बसायचं असेल. निम्मं महाड त्यासाठीच सवच्या गरम झऱ्यांवर जातं. तर बाई गाडीत चढल्या त्या हे पुस्तक काखेत घेऊन. म्हटलं, "बाई, आंघोळीला शास्त्र कशाला?" म्हणाल्या, "समोर बघून चालव."

कुंडाशी जाऊन बसल्या. फडकं कढत पाण्यात बुडवायचं, पिळायचं आणि पानाच्या कडेवर दाबून धरायचं. पुन्हा बुडवायचं, पुन्हा पिळायचं. मी आपला बघतोय. शेवटी राहवेना, म्हटलं, "बाई, घरी तुमच्या चुलीवर पाणी तापत नाही का?" तेव्हा म्हणाल्या, "तापतं रे. पण घरी एकटीला उघडायची भीती वाटते."

मंडळी, सावित्रीला पूर असताना होडीत बसून अडलेल्या बाईकडं जाताना मी त्यांना पाहिलंय. नावाडी घाबरला होता, ह्या नव्हत्या घाबरल्या. भीती हा शब्द त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

पानं सुटली. एका कोपऱ्याला फाटली, पण सुटली. आणि बाईंनी तिथंच मोठ्यानं वाचायला घेतलं. धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून ऐकायला लागल्या. त्यांच्यात एक म्हातारी होती. ती आज इथं आली आहे, नाव घेत नाही, लाजेल बिचारी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्यातबी हाय गो अशी गोष्ट. माझी सासू सांगायची. मी मधीच उठून जायची."

बाई म्हणाल्या, "मी पण तेच केलं."

म्हातारीनं हातातलं धुणं दगडावर ठेवलं. मग विचारलं, "तुझा पोर?"

"गेला."

"तुझ्या येळंला देवानं हात नाय धरला?"

"नाही धरला."

"मंग वाचतेस कशाला गो?"

मला ते ऐकवेना. मी गाडीकडं तोंड करून उभा राहिलो. बाई उगाच ते फडकं पिळत बसल्या, त्यात पाणी राहिलं नव्हतं तरी. मग म्हणाल्या, "हे पान चिकटवलं, त्या दिवसापासून मी देवाशी बोललेच नाही. प्रार्थना करायची, पण रस्त्यात ओळखीचं माणूस भेटल्यावर बरं आहे ना म्हणतो, तेवढीच. मला त्याच्याशी भांडायचंय. भांडायला समोर तरी बसायला हवं."

म्हातारी म्हणाली, "त्ये खरं हाय. अबोला धरून घर चालत नाय." आणि पुन्हा धुणं आपटायला लागली.

परत येताना बाईंनी ते ओलं पान मांडीवर वाळत धरलं होतं. म्हणाल्या, "यशवंत, हे आपण भराभर वाचतो, कारण आपल्याला शेवट ठाऊक असतो. त्या बापाला ठाऊक नव्हता. ह्यापुढं मी सावकाश वाचणार."

म्हटलं, "मग तो चालला तरी कसा, बाई?"

"ते मला काय ठाऊक? आंबेनळीच्या घाटात धुकं उतरलं की तू कसा चालवतोस?"

"मला वळणं पाठ आहेत. तरी भीती वाटते."

"आणि पाठ नसती तर?"

"तर गाडी कडेला लावून बसलो असतो."

तर म्हणतात, "बसू देत नाहीत रे. मागून गाड्या येतात."

हसू नका तात्या. मीही तेव्हा हसलो होतो. आज नाही हसू येत.

बाईंनी अंथरूण धरलं तेव्हा मला बोलावून घेतलं. आवाज खोल गेला होता. म्हणाल्या, "पुढचं तुझं." मी म्हटलं, "बाई, दुसऱ्या कोणाला सांगा. माझं पोर अंथरुणात आहे."

"ठाऊक आहे. मीच जगात आणलाय त्याला."

"मग असं कसं सांगता?"

म्हणाल्या, "ज्याला भीती वाटत नाही त्यानं ते वाचूच नये. त्याच्या तोंडी त्याचा नुसता दगड होतो."

मी लाज सोडून विचारलं. म्हटलं, "मी ते पान धडपणे वाचलं, काही गाळलं नाही, तर माझा दानी बरा होईल?" बाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "असा सौदा नसतो रे. सौदा असता तर शांतवनसाठी मी अख्खं पुस्तक गिळलं असतं."

"मग कशासाठी वाचू?"

"अबोला धरू नकोस. उद्या काय होईल ते मला ठाऊक नाही, तुला नाही. पण जे होईल त्यात तुला कोणाशी तरी बोलावं लागेल. तेव्हा ओळख मोडलेली नको."

मला राग आला. खोटं कशाला बोलू? मरणाऱ्या बाईचा राग आला. म्हटलं, माझ्या पोराचं बरं होईल एवढं खोटं तरी बोला. पण बाई कधी खोटं बोलल्या नाहीत, बाळंतिणीशीसुद्धा नाही. अजून थोडा राग आहे माझ्या मनात. तो आज इथं घेऊनच आलोय.

काल घरी दानीसाठी पेज केली होती. त्यानं दोन चमचे घेतली आणि तोंड फिरवलं. उरलेली पेज पातेल्यात थिजून खळीसारखी घट्ट झाली. मी त्या पातेल्याकडं बघत बसलो. माझ्या मनात काय आलं ते तुम्हाला सांगायला नको. बायकोनं ओळखलं. तिनं पातेलं उचललं, मोरीत नेऊन घासून टाकलं आणि येऊन पुन्हा त्याच्या कपाळावर पट्टी ठेवली. म्हणाली, "उद्या तुम्ही जा. मी आहे इथं."

म्हणून आलोय. मला ह्या पानाचा अर्थ लागत नाही. देवानं असं का विचारावं ते मला कळत नाही. बाईंनाही कळलं नव्हतं, आणि त्यांनी कळल्याचं सोंग केलं नाही. त्या भिऊन वाचायच्या, पण पुरं वाचायच्या.

आता सगळे उठा. तात्या, तुम्ही बसूनच राहा. बाईंसाठी थोडा वेळ आपण शांत उभे राहू. ज्यांच्या घरचं पोर बाईंच्या हातात पहिल्यांदा रडलं, त्यांनी ते रडणं आठवावं. बाकी काही नको.

मग मी वाचीन. सावकाश वाचीन. पान कडक आहे, उलटताना पापडासारखं वाजेल, खळ अजून आहे त्यात. माझा आवाज अडला तर कोणी पुढची ओळ सांगू नका, मला दिसते आहे. आणि मी वाचत असताना माझ्या घरून कोणी आलं, तर त्याला दारातच थांबवा. निरोप कसलाही असो. पान पुरं झालं की मीच दाराशी येईन.

मार्थाबाई, तुमची खूण काढतो.