काचेतला लाकडी चमचा

— तिथे नको बसूस नैना, त्या कोपऱ्यात वरून पाणी ठिबकतं. इकडे ये, या बुटक्या काचेच्या कपाटापाशी. मुलं यायला अजून वेळ आहे. तुझी रुही कुठेय? गाडीतच बसलीय? खाली यायला तयार नाही? बरं, हीटर चालू ठेवलायस ना, मग बसू दे. तुला काय बोलायचंय ते बोलूच आपण, पण आधी हे बघ, माझं डोकं कालपासून यानेच फिरलंय. ही फोटोतली बाई — पांढरी कॉलर, नाकावर माशी बसू न देणारी — ही तेओफिला रिमशा. दीडशे वर्षांपूर्वीची, पोलंड-लिथुएनियाकडची शाळामास्तरीण. या चर्चच्या लोकांची तर देवीच. आपली मराठी शाळा दर रविवारी त्यांच्या बेसमेंटमध्ये भरते, आणि इतक्या वर्षांत त्यांनी मागितलं काय, तर आज हिची जयंती आहे, तुमच्या मुलांनी हिच्यावर एक छोटंसं नाटुकलं करावं. मी आनंदाने हो म्हटलं. आता या बाईच्या तोंडाकडे बघवत नाही मला. शिसारी येते.

आणि कौतुक किती केलं होतं मी हिचं! विल्ना नावाचं शहर, वर रशियाच्या झारचं राज्य. उठाव फसला, हिचे वडील सायबेरियात गेले ते गेलेच, आणि शाळांमधून पोलिश भाषा बंद. शिकवाल तर तुरुंग. हिने काय करावं? घरात शिवणाचा वर्ग काढला. पोरींच्या मांडीवर कापड, कापडाखाली पोलिश पुस्तक. इन्स्पेक्टर जिना चढायला लागला की खालची स्वयंपाकीण मुद्दाम झाकण पाडायची, की सगळ्या जणी माना खाली घालून टाके घालतायत. एकदा पकडली गेली, कोठडीत राहून आली, आणि आल्या आल्या परत वर्ग सुरू. पुढे रीतसर परवानगी काढून मुलींची खाजगी शाळा काढली, राहायच्या सोयीसकट. दिवसा रशियन, संध्याकाळी दार लावून पोलिश. लग्न नाही, संसार नाही, म्हातारपणापर्यंत एवढंच. मी कमिटीच्या मीटिंगमध्ये हे सांगताना रडले अगं. म्हटलं, ही तर आपलीच गोष्ट — परक्या राज्यात आपली भाषा जपणं. म्हटलं, तिचा रोल रुहीलाच देऊ, काय टपोरे डोळे आहेत तिचे.

आणि मग हा चमचा. हा बघ, काचेआड, लाकडी, दोरी ओवलेला. मला वाटायचं, सुपाचा असेल. काल डेकोरेशन करताना इथल्या ऑल्डोनाने सांगितलं — रिटायर्ड डेंटिस्ट, अगदी शांत बाई, तिचे लोक लिथुएनियन. म्हणाली, माझ्या पणजीने हा गळ्यात घातलाय. कारण काय, तर शाळेत खेड्यातल्या मुलीही यायच्या, त्यांच्या घरी लिथुएनियन. आणि तेओफिलाबाईंना ती भाषा म्हणजे गोठ्यातली. जी मुलगी लिथुएनियन शब्द बोलेल, तिच्या गळ्यात चमचा. मग तिने कान देऊन बसायचं, दुसरी कुणी बोलली की तिच्या गळ्यात. रात्री जिच्याकडे राहील तिला जेवण नाही. विचार कर — स्वतःच्या भाषेसाठी कोठडीत जाऊन आलेली बाई! ऑल्डोनाच्या पणजीने म्हणे कुणाचंच नाव सांगितलं नाही, म्हणून चमचा तिच्याकडेच राहिला. सुट्टीत घरी गेली तर आईशीसुद्धा बोलेना. कुठल्याच भाषेत. लेकराच्या तोंडातली आईची भाषा काढून घ्यायची आणि वर शाळेची संस्थापक म्हणून फोटो लावून घ्यायचा. थू.

काय? पोपट? आपला पोपट? अगं, तो खेळ आहे. कापसाचा आहे तो, हिरवा, गोड. वर्गात कुणी मराठी सोडून बोललं की त्याने पोपट धरायचा, मग पुढच्याला पकडून द्यायचा. मुलं हसतात, मजा येते त्यांना. शेवटी ज्याच्याकडे राहील त्याने पोपट घरी न्यायचा, आणि त्याला त्या दिवशी लाडू नाही — एक लाडू गं, जेवण नाही काही. काहीतरी शिस्त नको का? इथली मुलं मराठी बोलतील कशाला मग?

हो, आठवतंय. नाही, इंग्लिश नव्हती बोलली रुही, बरोबर आहे तुझं. ती ‘का’ऐवजी ‘काऊन’ म्हणाली होती, मग मुलं हसायला लागली, मग मी दिला तिला पोपट — प्रेमानेच दिला. यवतमाळच्या आजीशी फोनवर बोलते ना ती, त्यातून येतं हे, समजतं मला. पण ते घरातलं झालं. शाळेत कसं, चांगलं बोलायला नको? माझ्या घरी वेगळं काय होतं? माझी आई अकोल्याची, इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीला आली तेव्हा मीच सांगितलं तिला, आई, गणपतीला चार लोक येणार, तू जरा कमी बोल. ती बसली तिच्या खोलीत आरतीभर. तिला काही वाटलं नाही. वाटलं असतं तर बोलली असती ना — त्यानंतर ती तशीही फारशी बोलायचीच नाही. स्वभाव. वय झालं होतं.

रुही आजीचा फोन घेत नाही म्हणजे? कधीपासून? तुझ्याशीही नाही? इंग्लिशमध्ये तरी — इंग्लिशमध्येही नाही?

अगं, मुलं असतात अशी, दोन दिवसांनी — पिशवीत काय आणलंयस? पोपट? तो परत आणायची काय घाई होती, पुढच्या रविवारी — नैना, तिथे नको. काचेवर नको ठेवूस तो. चमच्यावरच दिसतोय. लोक येतील आता, उचल. उचल म्हणते ना.

बरं, राहू दे. मुलं आली वाटतं. तू जा, ती गाडीत एकटी आहे.