कंबर पुढे, छाती मागे

नाही, पण मला एक सांगा, माणसानं मागेच बघायचं असतं तर डोळे पुढे कशाला बसवले असते? हे मी मेहुण्याला पहिल्याच दिवशी विचारलं, सकाळी सहा वाजता, चटईवर बसून, दोन्ही पाय हवेत, हातात तीन किलोचा चामडी चेंडू... तर हा पठ्ठ्या म्हणतो कसा, "दाजी, बोलू नका, श्वास वाया जातो. पोट आवळा, श्वास सोडा आणि वळा. कंबर पुढे, छाती मागे!" आता कंबर पुढे आणि छाती मागे अशी माणसं मी फक्त अपघाताच्या फोटोंत पाहिली आहेत!

तुम्हाला सांगतो, मी काही हौसेनं गेलो नव्हतो. मी फोर्कलिफ्ट चालवतो... चालवायचो, ते येईलच पुढे. काचेच्या तावदानांचं गोदाम, बावीस वर्षं. गाडीला पुढे दोन लोखंडी सुळे, सुळ्यांवर माल, माल एवढा उंच की समोरचं काही दिसत नाही, म्हणून गाडी उलटी चालवायची, मागे वळून बघत. म्हणजे निम्मी नोकरी पाठीमागे बघण्याचीच! आणि दोन वर्षांपूर्वी एका सकाळी माझी पाठ म्हणाली, बस्स. मान खांद्यापाशी अडली, कंबर तर सिमेंटची. सांगणार कोणाला? सांगितलं की गाडीवरून खाली. मग मी अंदाजानं मागे जायला लागलो. आरसा होता एक, पण त्यात मुख्यत्वे माझाच कान दिसायचा. भोंगा वाजवायचा आणि देवाचं नाव घ्यायचं, दुसरं काय?

तर गोदामाच्या दाराजवळ वजनकाटा आहे. तिथे एक जण स्टुलावर बसून वजनं लिहितो, गाडीच्या वाटेकडे पाठ करून. काटेवाला म्हणतात त्याला. मी रजेवर गेलो की गाडी तोच चालवायचा, परवाना आहे त्याच्याकडे. सहा महिन्यांपूर्वी तो पाणी प्यायला उठला, मी मागे आलो, आणि कर्रर्र... असा आवाज झाला. स्टूल पार चपटं! तो हातात पेला धरून उभा. म्हणाला, "अरे, मी बसलेलो असतो तर?" सगळे माझ्याकडे बघतायत. आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? "पाहिलं की मी तुला उठताना. बस तू निवांत."

नवीन स्टूल आलं, तो बसला. मी घरी जाऊन वहीत लिहिलं. मी रोज लिहितो, जेवलो काय, झोपलो किती, सगळं. त्या दिवशी दोनच शब्द लिहिले. 'पाहिलं नव्हतं.' वही कपाटात, स्वेटरखाली.

मग आली नोटीस. महिनाअखेरीला डॉक्टर येणार, चालकानं सीटवर पट्टा लावून बसायचं, डॉक्टर अगदी पाठीमागे आकडा धरणार, वळून वाचायचा. वाचता आला नाही तर गाडी बंद. बायको म्हणाली, "अहो, माझ्या भावाच्या व्यायामवर्गाला जा. त्यानं भल्याभल्यांना पिळलंय." पिळलंय! धुणं आहे का मी?

पण मेहुणा धुण्यासारखंच पिळतो हो. "दाजी, पोट म्हणजे नुसता पुढचा नगारा नाही, सगळीकडून पट्टा आहे तो. पीळ बसल्याशिवाय जागा होत नाही." मग आडवं पडून गुडघे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग रबराचा पट्टा दाराच्या कडीला बांधून तो ओढत वळायचं. "दाजी, मानेनं फसवताय! डोकं फिरलं, धड तिथेच. कंबर पुढे, छाती मागे!" मी रोज एकाच जागी बसायचो आणि वळल्यावर काय दिसलं ते लिहायचो. पहिला दिवस, खिडकीची कडी. सहावा दिवस, पंख्याचं बटण. तेराव्या दिवशी चपलांची मांडणी, तीही निम्मी. दार बरोबर माझ्या पाठीमागे. दार दिसलं की मी पास, असा माझा हिशेब.

चौदाव्या दिवशी मेहुणा म्हणाला, आज जोडीनं, पाठीला पाठ लावून बसा, वळून चेंडू मागच्याला द्या. माझ्या पाठीला एक पाठ टेकली. खोकली. तो खोकला मी ओळखला.

काटेवाला!

"तू इथे कसा?" म्हटलं. तो म्हणाला, "मान आखडली रे. त्या स्टुलापासून खोडच लागली, बसल्या बसल्या सारखं मागे वळून बघतो. तू बघतोस हे ठाऊक आहे मला. पण मानेला कोण समजावणार?" आणि वळला तर कसा! बिजागरीला तेल घातल्यासारखा. माझा चेंडू खांद्यापर्यंतच पोचायचा, तो अख्खा फिरून उचलून न्यायचा. चाळीस वेळा चेंडू दिला, आणि चाळीसही वेळा मनाशी म्हटलं, आता सांगतो. आता सांगतो. शेवटी तोच कानाशी म्हणाला, "परीक्षेची काळजी सोड. मी तुझ्यासमोर खांबाला टेकून उभा राहतो, आकडा बोटांनी दाखवतो. तू मागे बघतोस म्हणून मी जिवंत आहे, मी एवढं नाही करणार?"

मी एक्केचाळिसाव्यांदा चेंडू मागे दिला.

परीक्षेचा दिवस. पट्टा लावला. डॉक्टर मागे गेले. समोर खांबाला टेकून काटेवाला, छातीशी चार बोटं. स्वच्छ चार! मी पोट आवळलं, श्वास सोडला, वळलो, कंबर पुढे, छाती मागे... गोदामाचं दार दिसलं, वजनकाटा दिसला, रिकामं स्टूल दिसलं. डॉक्टर नाही दिसले. अजून एक वीतभर वळायला हवं होतं. डॉक्टर म्हणाले, "बोला, आकडा?" मी पुढे पाहिलं. चार बोटं. मागे ते रिकामं स्टूल.

म्हटलं, "दिसत नाही."

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

काटेवाल्याची बोटं तशीच राहिली. मग एकेक करून मिटली. दोन वर्षांतून सहा महिने वजा करायला काट्यावरच्या माणसाला कितीसा वेळ लागणार?

तर आता मी काट्यावर असतो. त्याच स्टुलावर, वाटेकडे पाठ करून. आणि गाडी कोण चालवतो? परवाना आणखी कोणाकडे होता? त्या दिवसापासून तो माझ्याशी एक शब्द बोललेला नव्हता. भोंगाही वाजवत नाही. नुसती घरघर येते, जवळ येते, आणखी जवळ येते... आणि मी वळतो. दर अर्ध्या मिनिटाला, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, कंबर पुढे, छाती मागे. मेहुणा खूश आहे, म्हणतो, "दाजी, अशी प्रगती कोणाची बघितली नाही!" आता मला अख्खं दार दिसतं, दाराबाहेरचा रस्ताही दिसतो. डॉक्टर पुन्हा येणार दोन वर्षांनी.

परवा राहवेना, घरघर अगदी पाठीशी येऊन थांबली तेव्हा विचारलंच, "अरे, दिसतो ना मी तुला?"

पहिल्यांदाच बोलला. गोड आवाजात.

"पाहिलं की मी तुला. बस तू निवांत."