मावशीने पुजलेला कन्सोल

अरे, बंद पडलेलं मशीन उघडण्याआधी घरच्यांना काय विचारायचं, हे मला निफाडच्या मावशीने शिकवलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या विशालचा फोन आला. "दादा, गेमचा कन्सोल चालूच होईना! संध्याकाळी पोरं मॅच खेळायला येणारेत."

दुरुस्तीचं दुकान माझं नाशकात. निघालो टूलकिट घेऊन. तिथे प्लग बदलला, वायर बदलली, तरी लाइट लागेना. शेवटी उघडला, तर पंख्यात अक्षता आणि पॉवर सप्लाय ओला, चिकट.

"मावशी, याची पूजा केलीस?"

"मग! पोरगं दिवसभर तेच धरून बसतं. त्याचं हत्यारच हाय ते. ट्रॅक्टरपुढं फोडला तसा याच्यापुढं बी नारळ फोडला."

"अगं, नारळाचं पाणी आत गेलं!"

"ट्रॅक्टरवर तर तांब्याभर ओतलं. त्यो एका चावीत चालू झाला. तुमचंच मशीन लय नाजूक."

सगळं पुसून वाळवलं, सप्लाय बदलला आणि बटण दाबलं. लाइट लागला! विशाल नाचायलाच लागला. मावशीने भक्तिभावाने हात जोडले.

"थांबा रे, नारळ आणते."

मी दारात आडवा झालो, आणि विशाल कन्सोल वायरीसकट उचलून गच्चीवर पळाला.