तीन हजार फुटांवर

"पणजोबा दीपगृहावर, आजोबा रेल्वेच्या सिग्नलवर, वडील बंदराच्या नियंत्रणकक्षात; आणि मी विमानतळाच्या टॉवरमध्ये."

वैद्यकीय तपासणीच्या प्रतीक्षालयात एक बाई शेजारच्या वैमानिकास हे सांगत होत्या. मी समोरच्या बाकावर होते, आणि कान झाकून बसण्याची मला सवय नाही.

"तरीच आवाज ओळखीचा वाटला! बारा वर्षं तुमचेच हुकूम ऐकतोय."

"हुकूम कसले, कॅप्टन? पुढे संथ विमान असलं, की मागच्या जेटला खाली ठेवायचं, वेग कमी करायला लावायचा. दोघांत अंतर नको का राहायला?"

"आज मात्र पंचाईत आहे. डॉक्टर आता एकालाच तपासणार, आणि माझा नंबर तुमच्यामागे. आज तंदुरुस्तीचा शिक्का मिळाला नाही, तर उद्या लेक पहिल्यांदा माझ्या विमानात बसणार आणि विमान नेणार भलताच कुणी!"

"माझ्या नोकरीचा पहिला आठवडा आठवतो? पंख्याच्या संथ विमानामागे तुमच्या जेटला फार लवकर उडू दिलं होतं मी."

"छे, काहीतरीच!"

"माझी तर वाचाच बसली. तेव्हा तुम्हीच विचारलंत, 'मॅडम, वेग कमी करून तीन हजार फुटांवरच राहू का?' जशी काही तुमचीच हौस!"

"हौसच होती. खाली नदी छान दिसत होती."

"धुकं होतं त्या दिवशी. उठा आता."

"अहो, पण नंबर तुमचा..."

"माझा जुना शिक्का अजून महिनाभर चालेल. बारा वर्षांचं देणं होतं, आज फिटलं. कॅप्टन, मार्ग मोकळा आहे."

"निघालो, मॅडम."